शाळेची माया आणि शाळेची भिंत

एखाद्या समाजानें केवळ आपल्याच मुलांसाठीं शाळा चालवावी काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. अशा शाळेंत मुलाला परंपरेची ओळख व आपलेपणाची ऊब मिळते, असें एक पक्ष म्हणतो. तिच्यामुळें मुलाचें जग आखूड होतें, असें दुसरा. दोन्ही पक्ष बहुधा तत्त्वावर भांडतात. शाळेंत मूल प्रत्यक्ष काय अनुभवतें, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. ती तसदी घेणाऱ्या थोड्या कादंबऱ्यांत हाइम पोटॉक या अमेरिकन यहूदी लेखकाच्या, 1967 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द चोझन' या कादंबरीची गणना केली पाहिजे. पोटॉक (1929–2002) हा स्वतः धर्मशिक्षण घेतलेला यहूदी धर्मगुरु होता. या जगाची आंतली बाजू त्यास ठाऊक होती. दोन मित्रांची आणि दोन बापलेकांची कथा म्हणून ही कादंबरी वाचली जाते. आम्ही मात्र ती येथें शाळांची कथा म्हणून पाहणार आहों.

कथा 1944 सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागांतील विल्यम्सबर्ग या वस्तींत सुरू होते. तेथें यहूदी मुलांच्या अनेक शाळा आहेत. धर्मग्रंथ आणि इंग्रजी विषय हे दोन्ही तेथें शिकविले जातात. अशा शाळेस येशिवा म्हणतात. रूव्हेन माल्टर ज्या शाळेंत शिकतो, ती धर्मविषय हिब्रू भाषेंत शिकविते आणि इंग्रजी विषयांस कायद्याच्या गरजेहून अधिक वेळ देते. डॅनी सॉन्डर्सची शाळा हासिदी पंथाची. तिचा संस्थापक त्याचा बाप, रेब सॉन्डर्स, हाच त्या पंथीयांचा गुरु. तेथें धर्मविषयांची भाषा यिद्दिश, आणि इंग्रजीस जागा सक्तीपुरती. हे दोघे मुलगे पांच गल्ल्यांच्या अंतरावर राहतात, आणि पंधरा वर्षें एकास दुसऱ्याचें अस्तित्वहि ठाऊक नसतें. समाज एक, धर्म एक, ग्रंथ एक. तरी शाळेची भिंत एवढी उंच!

त्यांची पहिली गांठ पडते ती बेसबॉलच्या मैदानावर. या सामन्यांचें मूळ मोठें मार्मिक आहे. महायुद्ध चालू असतां या शाळांतील इंग्रजी विषयांच्या शिक्षकांना वाटलें, कीं ग्रंथांत मान घालून बसणारीं आपलीं मुलेंहि इतर अमेरिकन मुलांइतकींच धडधाकट आहेत, हें जगास दिसावें. म्हणजे खेळ सुरू झाला तो खेळण्याच्या आनंदासाठीं नव्हे, तर निष्ठेची ग्वाही म्हणून. इकडे रेब सॉन्डर्सनें आपल्या मुलांस खेळूं दिलें, तें दुसऱ्या शाळांतील 'पाखंडी' मुलांचा पराभव करणें हें कर्तव्य ठरल्यावर. या दोन हेतूंची टक्कर होऊन सामन्याचें धर्मयुद्ध होतें आणि डॅनीनें टोलविलेल्या चेंडूनें रूव्हेनचा चष्मा फुटून कांच डोळ्यांत जाते. शत्रु समोर असला कीं शाळेची एकी क्षणांत उभी राहते. पण ती एकी दुसऱ्याचा डोळा फोडण्यापर्यंत जाऊं शकते, हें पोटॉकनें एका शब्दाचाहि उपदेश न करितां दाखविलें आहे.

मग शाळेची खरी माया कोठें असते? आमच्या मतें तिचें उत्तर मैदानांत नसून अभ्यासाच्या वर्गांत आहे. येशिवांत तालमूद नांवाचा ग्रंथ दोघांनीं मिळून अभ्यासण्याची रूढि आहे. एकानें अर्थ लावावा, दुसऱ्यानें तो खोडावा. आपल्या शास्त्रींच्या पाठशाळेंतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ज्यास ओळख आहे, त्यास ही रीत परकी वाटणार नाहीं. कादंबरीच्या उत्तरार्धांत रूव्हेन व डॅनी एकाच महाविद्यालयांत जातात. तेथें गर्शेन्सन नांवाच्या अध्यापकाच्या वर्गांत रूव्हेन एका अवघड उताऱ्याचें विवरण सलग कांहीं दिवस करितो आणि शेवटीं एका अडचणीपाशीं थांबतो. हें आपणांस उलगडत नाहीं, असें तो सांगतो. आणि तो वृद्ध पंडितहि भर वर्गांत कबूल करितो, कीं मलाहि उलगडत नाहीं. पुढें तो रूव्हेनकडून एकांतांत नव्या चिकित्सक पद्धतीचें उत्तर ऐकून घेतो आणि ती पद्धत माझ्या वर्गांत वापरूं नकोस, असेंहि बजावतो. सत्यापुढें नम्रता आणि रूढीपुढें भय या दोहोंचें इतकें प्रामाणिक चित्र शालेय जीवनावरील लेखनांत विरळा आढळतें.

या महाविद्यालयांतहि पुन्हां भिंत उभी राहते. पॅलेस्टाइनमध्यें यहूदी राज्य व्हावें कीं नाहीं, यावरून विद्यार्थ्यांत दोन तट पडतात. रेब सॉन्डर्सच्या आज्ञेनें डॅनी रूव्हेनशीं बोलणें सोडतो. पुढें तेथील लढाईंत याच महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी मारला गेल्याची वार्ता येते, आणि विरोधाचे आवाज मंदावतात. मृत्यूनें आणलेली ही एकी खरी आहे; पण तिचें मोल फार मोठें पडलें, हें वाचकास विसरतां येत नाहीं.

कादंबरींत दोष आहेत. मैत्री जुळल्यावर वर्गबंधु केवळ नांवापुरते उरतात. स्त्रिया तर जवळजवळ नाहींतच. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा, कीं यहूदी नसलेलीं माणसें जिवंतपणें भेटतात तीं केवळ रुग्णालयांत. शेजारच्या खाटेवरील मुष्टियोद्धा टोनी सावो आणि अंध झालेला लहानगा बिली यांच्या सहवासांत रूव्हेन जें शिकतो, तें त्यास कोणत्याहि शाळेनें शिकविलें नव्हतें. रुग्णालय सोडतांच हें दार बंद होतें, आणि लेखकास त्याची रुखरुख वाटलेली दिसत नाहीं.

ही उणीव मराठी वाचकास विशेष जाणवेल, कारण दुसऱ्या प्रकारची यहूदी शाळा आपल्या मुंबईंत आहे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकारानें 1875 सालीं बेने इस्राएल समाजाची शाळा निघाली. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलांस तेथें हिब्रूचें शिक्षण मिळूं लागलें. तीच पुढें माझगांवची सर एली कदुरी शाळा झाली. 1948 नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलांत गेलीं. आज त्या शाळेंत मुख्यतः अन्य धर्मांचींच मुलें शिकतात. एका समाजानें आपल्यासाठीं बांधलेलें घर शेजाऱ्यांच्या उपयोगीं पडलें. पोटॉकच्या शाळांवर अशी वेळ आलेली दिसत नाहीं.

तरीहि वादाच्या दोन्ही पक्षांनीं ही कादंबरी वाचावी. स्वसमाजाची शाळा मुलास मुळें देते, हें ती नाकारीत नाहीं. मुळें कुंपणांत जखडलीं कीं काय होतें, हेंहि ती लपवीत नाहीं. कोणत्याहि शाळेची परीक्षा तिच्या मैदानावरील जयघोषानें होत नसते; विरोधी मताच्या सोबत्याशेजारीं बसून एकच ग्रंथ वाचण्याची संवय ती मुलास लावते कीं नाहीं, यावरून होते. आपल्या प्रांतांतील शाळाचालकांनीं हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा.