नेमक्या कुठल्या जमान्याची हळहळ?

कासुर्डीचा जुना टोलनाका ओलांडून सोलापूरच्या दिशेने निघालं की यवत, भांडगाव मागे पडतं आणि चौफुला येतो. न्हावऱ्याकडून येऊन सुपे-मोरगावकडे जाणारा रस्ता इथे हमरस्त्याला छेदतो आणि याच चौफुल्याला संगीतबारीची कला केंद्रं आहेत. या पट्ट्यातला साठीचा शौकीन गाठा. ‘आता ती लावणी राहिली नाही’ हे वाक्य चहा येण्याआधीच येतं. तक्रारीत तथ्य आहे. पण गेलं नेमकं काय, हे विचारलं की तो ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘पिंजरा’ या सिनेमांतली गाणी सांगू लागतो आणि तिथेच त्याची गफलत होते.

गेली ती बैठकीची लावणी. पेटी, तबला किंवा ढोलकी आणि समोर बसलेली बाई. बहुतेक वेळ ती उठतही नाही. स्वतः गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवते. पहिल्या खेपेला त्या ओळीत रुसवा असतो, दुसऱ्या खेपेला थट्टा, तिसऱ्या खेपेला ‘तू खोटं बोलतोयस हे मला ठाऊक आहे’ असा भुवईतला इशारा. शब्द तेच, अर्थ मात्र डोळे, बोटं आणि पदराचं टोक ठरवतात. यालाच अदाकारी म्हणायचं. वाईच्या यमुनाबाई वाईकर या घराण्यातल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या गाण्यातली लय इतकी ऐसपैस असायची की घाईतल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊच नये. ढोलकी फडाची गोष्ट वेगळी. नारायणगावच्या विठाबाईंचा तमाशा हजारोंच्या गर्दीसाठी होता. तिथे आवाज आणि पायांची ताकद लागते, भुवई शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. शौकीन ही दोन्ही दुकानं एकाच पाटीखाली घालतो.

आणि तिसरं दुकान सिनेमाचं. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला; वसंत पवारांच्या चालींनी घराघरात लावणी नेली. १९७२ मध्ये ‘पिंजरा’ आला, राम कदमांचं संगीत घेऊन. ‘लावणीसम्राज्ञी’ ठरल्या त्या सुलोचना चव्हाण, ज्या फडावर कधी नाचल्या नाहीत आणि डोक्यावर पदर घेऊन गायल्या. गाणी उत्तम होती, यात वादच नाही. पण सिनेमाने लावणी साडेतीन-चार मिनिटांत बसवली आणि नजरेचं काम कॅमेऱ्याकडे दिलं. पुढे बारीत लोक याच गाण्यांची फर्माईश करू लागले आणि बैठकीचा वेळ आक्रसत गेला. आज ज्याला सुवर्णकाळ म्हणून उसासे टाकतात, त्यानेच जुन्या बैठकीला घरघर लावली, असं माझं मत आहे.

असे उसासे सगळीकडे टाकले जातात. बर्फावरच्या जोडीनृत्याचे युरोपीय शौकीन अजूनही १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकपाशी अडकलेत: राव्हेलचं ‘बोलेरो’, जेन टॉरविल आणि ख्रिस्तोफर डीन, आणि कलात्मकतेसाठी सगळ्या परीक्षकांचे पैकीच्या पैकी सहा गुण. २००२ च्या गुणदानाच्या भानगडीनंतर ती सहा गुणांची पद्धतच गेली, २०१० मध्ये ठरावीक पावलांची सक्तीची नृत्यंही वगळली गेली. आता एकेका गिरकीचे गुण मोजतात, आणि तिथले जुने प्रेक्षक म्हणतात, नाच गेला, हिशेब उरला. तिकडे निदान नियम बदलणारी संघटना बोट दाखवायला सापडते. आपल्याकडे हे काम गिऱ्हाइकाने केलं, म्हणजे आपणच.

डीजेवरच्या हल्लीच्या कार्यक्रमांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. नऊवारी आहे, घुंगरू आहेत, गाणं स्पीकरमधलं आहे; समोर शिट्ट्या मारणारी पोरं आहेत. त्याला लावणी म्हणू नये इतकंच. पण त्यावर संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ एकदा उघडावं. १९९४ सालचं हे आत्मकथन. बैठकीतल्या त्या ऐसपैस लयीचा खर्च कोणाच्या आयुष्यातून वसूल होत होता, बारीतल्या बाईच्या मुलाला बापाचं नाव का नव्हतं, हे त्यात आहे. दौलतजादा उधळणाऱ्याला ती रात्र रंगलेली आठवते. पहाटे चाळ सोडणाऱ्या बाईची आठवण निराळी असणार. तो जमाना जसाच्या तसा परत यावा, असं मला तरी म्हणवत नाही.

भूषण कोरगावकरांचं ‘संगीतबारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत शहाणा प्रयत्न. त्यात शकुंतलाबाई नगरकर बसून अदा करतात, तेव्हा मी वर लिहिलेलं सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि समोर बायकाही तिकीट काढून बसलेल्या असतात. बैठकीत हे घडत नव्हतं. उणीव एवढीच की नाट्यगृहातला प्रेक्षक शिष्ट असतो. तो टाळ्या वाजवतो, उलटून बोलत नाही. बैठकीत समोरच्याच्या उत्तरावर पुढची अदा सुचायची.

चौफुल्याला मात्र प्रश्न रोकडा आहे. मंद लयीची लावणी अंगात भिनायला वर्षं लागतात, आणि सिनेमातलं गाणं चार दिवसांत बसवून होतं. बिदागी दोन्हीला सारखीच, किंबहुना दुसऱ्यालाच जास्त. मग विशीतल्या मुलीने पहिलं का शिकावं? शौकिनाने याचं उत्तर खिशातून द्यायचं आहे, आणि तो तर खुर्चीत बसल्या बसल्या ‘पिंजरा’चं गाणं मागतो.