दोघांनी एकमेकांना सावरण्याची गोष्ट

मराठी साहित्य, नाटक आणि सिनेमात समलिंगी प्रेम आलं ते बहुतेक वेळा जखम घेऊन. कुणी मेलं, कुणी सोडून गेलं, कुणी मुकाट बोहल्यावर चढलं. जखम मोठी होतीच. ती मांडणं गरजेचंही होतं. पण दोन दुखावलेले तरुण एकमेकांच्या सोबतीनं बरे होऊ शकतात, हे लिहायला आणि दाखवायला आपल्याला फार उशीर झाला.

१९८१ साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. ती स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाची कथा. त्या काळात ती लिहिण्याचं धैर्य असामान्यच. तरी नायिका मित्रा हिच्या वाट्याला आत्महत्या आली आणि पुढच्या अनेक कलाकृतींनी तोच शेवट जणू गृहीत धरला. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मला अजूनही विलक्षण वाटते. तनय आणि अनुजा ही भावंडं घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो अनुजाबरोबर निघून जातो, पुढे तिलाही सोडतो. मागे उरलेली दोघं एकाच माणसानं दुखावलेली, एकाच घरातली. पण त्यांची निवेदनं शेजारी शेजारी उभी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. कादंबरीची ताकद या अबोल्यात आहे. मात्र तनयला सावरणारं तिथं कुणी नाही.

हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ हिंदी असला, तरी तो आपलाच आहे. प्राध्यापक रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, मराठीत कविता लिहीत. २०१० मध्ये त्यांच्या घरात कॅमेरा घुसवला गेला आणि काही आठवड्यांत ते गेले. मनोज वाजपेयींनी त्यांचं एकटेपण अत्यंत हळुवारपणे उभं केलं. पण सिरस यांना समजून घेणारा माणूस चित्रपटात आहे तो एक तरुण पत्रकार. ज्याच्यासोबत त्यांना पाहिलं गेलं, तो रिक्षावाला कथेत जेमतेम उरतो. त्याच्यावर काय गुदरलं असेल, हा प्रश्न मला या चित्रपटातली सर्वांत मोठी रिकामी जागा वाटतो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने नेमकी ही जागा भरली. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला. वडील गेल्यावर मुंबईतल्या कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. भावकी जमलेली, नियमांची यादी लांब आणि त्यात एकच टुमणं: पोराचं लग्न कधी? लहानपणचा मित्र बाळ्याही त्याच तगाद्याखाली पिचलेला. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांनी ही जवळीक जराही गाजावाजा न करता साकारली आहे.

पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा घाई करत नाही. झाडाखाली बसणं, सोबत चालणं, बाळ्यानं मित्रासाठी साबराची फळं आणणं, एवढ्यातूनच त्यांचं नातं वाढतं. कानवड्यांना सुतकाचा अर्थ नेमका कळला आहे. शोकानं माणसाला थांबवलेलं असतं आणि त्या थांबण्यातच आनंदला कुणाच्या तरी जवळ रडायची मोकळीक मिळते. त्याची आईही मोलाची. जयश्री जगताप यांनी साकारलेली ही आई भाषण करत नाही. मुलगा कसा आहे हे तिला ठाऊक आहे आणि नातेवाइकांपुढे ती त्याची ढाल होते. हिंदीत समलिंगी पात्रं बराच काळ सुखवस्तू घरांत राहिली. इथं बिनपैशाच्या माणसांनाही कोवळेपणाचा हक्क आहे, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची खरी झेप आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं संमतीनं होणाऱ्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे आनंद-बाळ्याचं लग्न कायदा लावणार नाही आणि दुसऱ्या कुणाशी लावल्याशिवाय घरचे राहणार नाहीत. अशा कोंडीतही माणसं घर करतात, भांडतात, भाडं भरतात, आजारपणं काढतात. यातलं जवळजवळ काहीच आपल्या रंगभूमीवर आलेलं नाही. बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या लेखकांनी या विषयावर मराठीत सातत्यानं, सोप्या शब्दांत लिहून ठेवलं आहे. नाटककारांना सुरुवात शून्यापासून करायची नाही.

एका चित्रपटानं परंपरा घडत नाही. आता प्रेम जुळण्यापाशी न थांबता पुढच्या दहा वर्षांच्या संसाराचं नाटक कुणीतरी लिहावं, निर्मात्यांनी ते तालुक्याच्या नाट्यगृहापर्यंत न्यावं, आणि प्रेक्षकांनी आईवडिलांना सोबत घेऊन ते बघावं.