बेवारस ठरविलेली गाणी

लोकगीतांचे कोणतेही नवे ध्वनिमुद्रण ऐकावे किंवा कोणताही नवा संग्रह उघडावा, त्यात वाद्यमेळ रचणाऱ्याचे, संपादकाचे, प्रस्तावनाकाराचे, इतकेच काय पण मुखपृष्ठ सजविणाऱ्याचेही नाव ठळक अक्षरांत असते आणि शब्दांच्या कर्तृत्वापुढे मात्र ‘पारंपरिक’ एवढाच शिक्का मारलेला असतो. हा शिक्का अलीकडे इतका सर्रास झाला आहे की, जिच्या आजीच्या कंठातून ते गीत उचलले त्या नातीलाही त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. मला हा प्रकार असह्य होतो, म्हणून हे लिहीत आहे.

वाद्यवृंदावर चढविलेल्या लोकगीतांनी करमणूक होते. त्यापलीकडे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. हळदीच्या मांडवात कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहिल्यापासून गाणाऱ्या बायका मुकाट बसून असतात. आमच्या सांगली भागातला हादगा शाळेच्या पटांगणात अजून तग धरून आहे, ते ठीकच झाले. पोवाड्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण कुंडलच्या प्रतिसरकारच्या दिवसांत शाहीर शंकरराव निकमांच्या डफाने जे काम केले त्याची नोंद इतिहासाने घेतलेली आहे. मला बोलावयाचे आहे ते चावडीवरच्या नव्हे, तर घरातल्या गाण्याविषयी, म्हणजे ओवीविषयी.

पलूस, भिलवडी, अंकलखोप, कुंडल या कृष्णाकाठच्या गावांत पहाटेच्या अंधारात जात्याच्या खुंट्याला दोघींनी हात घातला म्हणजे पहिल्या ओव्या देवाला जावयाच्या, त्यांत कृष्णामाई आणि औदुंबरचे दत्तमहाराज यावयाचेच. मग आईबापांच्या, आणि मग, जणू सारे दळण त्याचसाठी मांडले असावे अशा आवेगाने, भावाच्या. येथे ओवीची खरी घडण दृष्टीस पडते. तिच्या चरणात एक जागा मोकळी असते आणि त्या जागेत नाव पडते: भावाचे, लेकाचे, भाच्याचे. नवऱ्याचे नाव मात्र त्या जागेत कधी येत नाही. त्याला एखाद्या विशेषणावर समाधान मानावे लागते, कारण त्याचे नाव घेण्याचा प्रसंग उखाण्याचा, ओवीचा नव्हे. नाव दोन अक्षरी असेल तर त्याला ‘राया’ किंवा ‘बाळ’ जोडून चरण भरावयाचा. चार-पाच अक्षरी असेल तर गळा (चालीला बायकांचा शब्द हाच) किंचित आवरून घ्यावयाचा. म्हणजे घरातल्या मुलाच्या नावाने गाण्याची चाल प्रत्यक्ष हलते, आणि असे हललेले गाणे शेजारच्या घरातल्या गाण्यासारखे हुबेहूब राहतच नाही. लेक सासरी निघाली की आईच्या ओव्या तिच्याबरोबर जातात. आईने जेथे मामाचे नाव घातले होते तेथे ती आपल्या भावाचे घालते, आणि जमिनीच्या दप्तरात फेरफार होऊन वारसाची नोंद लागावी तशी या गाण्यावर नव्या पिढीची नोंद लागते. मामा वारला तरी आईच्या तोंडी त्याची ओवी राहते, आणि ज्या भाच्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिले नाही त्यांना तो नांदता-जागता माणूस म्हणून ठाऊक असतो. कुटुंबाची स्मृती म्हणतात ती अशी बनते.

आता संग्राहकांकडे वळू. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवना’तील मायेला तोड नाही; कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’ लिहून या गीतांना विद्वानांच्या पंक्तीत मानाचे पान मांडून दिले; आणि वाळवे तालुक्यातील बागणी गावी जन्मलेल्या सरोजिनीबाई बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा जे प्रचंड धन वाचविले त्याचे ऋण साऱ्या महाराष्ट्रावर, आणि विशेषेकरून आम्हा सांगलीकरांवर, आहे. पण मांडणी सर्वत्र विषयवार: भावाच्या ओव्या एकीकडे, माहेराच्या दुसरीकडे. गुरुजींच्या पुस्तकात हजारो ओव्या वाचून झाल्या तरी अमुक ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईची, हे कळत नाही. त्या काळी निकड वाचविण्याची होती, म्हणून तो दोष त्या पिढीच्या माथी मी मारीत नाही. आज तीच रीत चालविणाऱ्यांना मात्र ही सबब उपलब्ध नाही.

कारण दुसरी रीत सिद्ध झालेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी त्यांतील कित्येकींचे गळे ध्वनिमुद्रित केले, आणि 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने ते भांडार लोकांपुढे आणताना ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव लिहिले, शक्य तेथे तिची हकीकतही दिली. माझ्या मते गेल्या अर्धशतकात लोकगीतांच्या क्षेत्रात याच्या तोडीचे दुसरे काम झालेले नाही. तेथे दलित घरांतल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या ऐकाव्यात: ज्या जागेत आजवर देवाचे किंवा भावाचे नाव पडे त्याच जागेत भीमरायाचे नाव येऊन बसले आहे. ही निवड त्या बायकांची आहे. त्यांना ‘अज्ञात लोकप्रतिभा’ म्हणणे म्हणजे त्यांचा हक्क डोळ्यांदेखत बुडविणे होय.

जाते गेले आणि ओवी गेली, असा विलाप करणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. पहाटे उठून पायली-पायली दळण्याची सक्ती कोणत्याही बाईवर पुन्हा यावी असे शहाण्या माणसाला वाटणार नाही. पिठाच्या गिरणीने त्यांची पाठ मोकळी केली, तो उपकारच झाला. शिवाय हे खापर गिरणीवर फोडणे खोटेही आहे, कारण वर सांगितलेल्या लाखभर ओव्या गोळा झाल्या त्या खेड्यापाड्यांतून गिरण्या सुरू झाल्यानंतर. ओवी खरोखर खुंटते ती नाव घेणे बंद होते तेव्हा. पाळण्यातल्या पोराजवळ मोबाइल ठेवून अंगाई लावली की आवाज गोड असतो आणि पोर झोपतेही. पण त्या अंगाईत त्याचे नाव नसते, आणि पंचवीस वर्षांनी ती अंगाई त्याला आईची म्हणून आठवणार नाही. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत थिनिंगला (घड विरळायला) बायका आजही ओळीने उभ्या असतात, गाणेही चालू असते; पण ते मोबाइलमधले, आणि त्यात त्यांच्यापैकी कोणाच्याच भावाला जागा नाही.

याच पलूस तालुक्यात 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघाले आणि बायकांनी स्वतःच्या नावानिशी छापून यावे ही गोष्ट महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. त्या वाडीच्या आसपासच्या गावांत ज्यांनी शेकडो ओव्या जुळविल्या त्यांच्या गाण्यापुढे आपण आजही ‘पारंपरिक’ लिहीत असू, तर तो आपला आळस आहे आणि त्याला दुसरे नाव देऊ नये. पाठांतर करून परीक्षेत उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘लोकगीतांचा कर्ता समूह असतो’ हे वाक्य शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा स्वतःच्या आत्याला, नाही तर मावशीला विचारावे. समूह कोणता ते ती एकेकाचे नाव घेऊन सांगेल.

औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी कृष्णेच्या काठी साहित्य संमेलन भरते. भिलवडीला शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय आहे. पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्या संमेलनात सन्मानाने बोलवावे, त्यांच्या ओव्या त्यांच्या गळ्यासह मुद्रित कराव्यात, आणि प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे व तिच्या आईचे नाव आणि ओवीत ज्याचे नाव आहे त्याचे तिच्याशी नाते लिहून ते दप्तर वाचनालयात ठेवावे. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या गावांत केवळ कागदावर विसंबू नये, नकला दुसरीकडेही असाव्यात. आणि ज्यांच्या घरी अशी एखादी आजी अजून आहे त्यांनी संमेलनाचीही वाट पाहू नये. आज रात्रीच तिच्यापाशी बसावे आणि ओवीत आलेला प्रत्येक माणूस आपला कोण लागतो, ते विचारून लिहून घ्यावे.