चिनी खाणावळीचे टीकाकार

कादंबरी वाचून झाल्यावर ‘कशी वाटली?’ असे विचारले की आपल्याकडचा सुशिक्षित गृहस्थ थोडा बावरतो. ‘बरी आहे, पण मी काही त्यातला जाणकार नव्हे,’ असे म्हणून तो आपली सुटका करून घेतो. सात कादंबऱ्या लिहिल्यामुळे हा अनुभव मला पुष्कळ आला आहे. त्याच गृहस्थाला खाणावळीच्या पायऱ्या उतरताना गाठावे आणि तोच प्रश्न विचारावा. मीठ, तिखट, तेल, वाढप्याची चाल, गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा आणि हात धुण्याच्या जागेवरचा साबण, या सर्वांवर तो असा निकाल देईल की हायकोर्टाने ऐकत राहावे. टीकाकार सर्वांत अधिक लाभले ते पाककलेला; आणि त्या टीकाकारांच्या वाङ्मयावर मात्र कोणी टीका केली नाही. ती उणीव आज यथाशक्ति भरून काढावी असा बेत आहे.

त्यासाठी मी निवडलेली खाणावळ जरा लांबची आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत सहा आठवडे मी धाकट्या भावाकडे, न्यूयॉर्क शहरातल्या फ्लशिंग या भागात राहिलो. क्वीन्स विभागात सात नंबरची गाडी जिथे संपते ते हे ठिकाण. स्टेशनातून वर आले की मेन स्ट्रीट लागतो आणि दुकानांच्या पाट्यांवर जिकडे तिकडे चिनी अक्षरे दिसू लागतात. तिथून थोडे चालत गेले की बाऊन स्ट्रीटवर गणपतीचे देऊळ आहे. १९७७ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. देवळाच्या तळघरात डोसा मिळतो, त्यामुळे त्या परिसरातली आपली मंडळी दर्शन, डोसा आणि परतताना चिनी बाजारातली भाजी असा क्रम ठेवून असतात.

भावाच्या घराखालीच एक लहानशी चिनी खाणावळ होती. दहा-बारा टेबले, भिंतीवर चित्रांसकट दरांचा फलक, आणि काचेआड पीठ मळणारी दोन माणसे. पदार्थ मुख्यतः दोनच : हाताने ताणलेल्या शेवया, ज्यांना आता आपल्या खेड्यातली पोरेही नूडल्स म्हणतात, आणि डंपलिंग, म्हणजे पारीत सारण भरून उकडलेला किंवा वाफवलेला नग. त्यातली अर्धचंद्रासारखी जियाओझी ही आपल्या करंजीची मावसबहीण, आणि वर चुण्या घालून मिटवलेले शियाओलाँगबाओ हे उकडीच्या मोदकाचे दूरचे भाऊबंद. खाणावळीचे नाव मी सांगणार नाही. तिच्या मालकाने माझ्याकडे टीका मागितलेली नाही. भाऊ आणि भावजय कामावर गेली की मी वही घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसे. इंग्रजीत बोललेले बहुतेक कळे; चिनीत बोललेले गल्ल्यावरची मुलगी सांगेल तेवढेच.

माझ्या वहीत सर्वांत अधिक वेळा आलेला अभिप्राय असा : ‘छान आहे, पण हल्ली महाग झाले.’ आठ डंपलिंगांना बारा डॉलर. भावाचा एक शेजारी हे वाक्य दर गुरुवारी, शेवटचा घास गिळता गिळता म्हणत असे. हाच गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडच्या इटालियन हॉटेलात राव्हिओलीच्या एका बशीला बावीस डॉलर देई आणि वर बक्षिसीही ठेवी. राव्हिओली म्हणजे तरी काय? पारी आणि सारणच.

आता काचेआडचे काम पाहा. पीठ, पाणी, मीठ आणि किंचित् खार यांचा गोळा मळून मुरू देतात. मग तो दोन्ही हातांत धरून ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. दर दुमडीला शेवया दुप्पट होतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार. आठव्या दुमडीला २५६. सातवीच्या वर्गात घातांक शिकवताना मी आजवर बुद्धिबळाच्या पटावरचे गव्हाचे दाणे सांगत आलो. यंदा शेवया सांगितल्या आणि मुले अधिक जागी राहिली. शियाओलाँगबाओत रस्सा कसा शिरतो हे कोडे तर मला पहिल्या आठवड्यात सुटेना. डुकराच्या कातडीचा अर्क गार करून थिजवतात, त्याचे बारीक तुकडे सारणात मिसळतात, आणि वाफ लागली की ते आतल्या आत वितळतात. पारी फाटली की सारा खेळ संपला. तैपे शहरात १९५८ साली तेलाचे दुकान म्हणून सुरू झालेले आणि १९७२च्या सुमारास डंपलिंगांकडे वळलेले ‘दिन ताई फुंग’ हे आज फार प्रसिद्ध आहे. तिथे प्रत्येक नगाला १८ चुण्या, असा दंडकच आहे. दिवाळीत घरात करंज्यांना मुरड घालायला जी बसली असेल तिला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग शेजाऱ्याला बारा डॉलर का खुपतात? याचे उत्तर मला एका ग्रंथात सापडले. न्यूयॉर्कात गिऱ्हाइकांचे अभिप्राय छापण्याची चाल जुनी आहे. १९७९ साली टिम आणि नीना झगाट या वकील दांपत्याने मित्रमंडळींची मते गोळा करून यादी काढली, आणि तिचीच पुढे लांबट लाल पुस्तिका झाली. तीत खाद्य, सजावट आणि सेवा यांना ३० पैकी गुण दिलेले असत. (मास्तराच्या दृष्टीने घटक चाचणीच म्हणायची!) न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक कृष्णेंदु राय यांनी या पुस्तिकेतल्या दरांचाही आधार घेऊन २०१६ साली ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ हा ग्रंथ लिहिला. फ्रेंच आणि जपानी जेवण महाग, चिनी आणि भारतीय स्वस्त, ही उतरंड ते दाखवतात; आणि तिचा संबंध त्या त्या देशाच्या माणसांना शहरात मिळणाऱ्या मानाशी जोडतात. इटालियन लोक गरीब मजूर म्हणून आले तेव्हा त्यांचे अन्नही हलकेच समजले जाई. माणसे वर चढली तसा राव्हिओलीचा भावही चढला. तेव्हा ‘महाग झाले’ या दोन शब्दांत जिभेचा भाग थोडा आणि ‘तुम्ही इतके मागू नये’ याचा भाग मोठा असतो. आपली भारतीय मंडळी त्या उतरंडीत चिन्यांच्या अगदी शेजारी बसली आहेत. त्यांच्या तोंडूनही मी हेच वाक्य ऐकले, याचे मला नवल वाटले.

दुसरा लाडका शब्द ‘अस्सल’. एक गोरा तरुण, शिआन शहरी तीन दिवस राहून आलेला, शेवया तोंडात घालून डोळे मिटी आणि ‘अगदी अस्सल’ असे म्हणे. पलीकडे एक चिनी मुलगी आपल्या मैत्रिणीला सांगत होती की यात काही अर्थ नाही, आजीच्या हातची अशी नसते. गल्ल्यावरच्या मुलीने मला हळूच सांगितले की त्या मुलीचे घराणे ग्वांगडोंगचे. ग्वांगडोंग पडले दक्षिणेला, भाताच्या मुलखात; आणि या रुंद, हाताने फाडलेल्या शेवया शान्शी प्रांतातल्या, उत्तरेकडच्या गव्हाच्या मुलखातल्या. सावंतवाडीच्या आजीला प्रमाण मानून वऱ्हाडातल्या झुणक्यावर निकाल द्यावा, तसा हा प्रकार. चीन एवढा थोरला देश, पण खाणाऱ्यांच्या डोक्यात त्याचे एकच स्वयंपाकघर असते. आणखी गंमत अशी की त्या शेवयांवरच्या मटणात जिरे असते. ते पाहून आपले एक इंजिनियर म्हणाले, ‘आपल्यावरून उचलले!’ जिरे तिकडे पश्चिमेकडून, मध्य आशियातून जाणाऱ्या व्यापारी वाटेने गेले. शिआन हे त्या वाटेचे टोक, आणि तिथल्या मुसलमान वस्तीने ते मटणात रुळवले. त्यात इंजिनियरसाहेबांच्या आजीचा संबंध कोठे येतो, हे त्यांनाच ठाऊक. २००५ साली याच फ्लशिंगमध्ये सुरू झालेल्या ‘शिआन फेमस फूड्स’ने या जिऱ्याच्या मटणाचा न्यूयॉर्कभर बोलबाला केला, तेव्हापासून ‘अस्सल’ या शब्दाला फारच तेजी आली असावी.

तिसऱ्या अभिप्रायाकडे मात्र मला हसत हसत पाहता येत नाही. तो म्हणजे ‘इथे खाल्ले की डोके दुखते.’ आपल्याकडेही गाडीवरचे चायनीज खाऊन कोणाला जळजळले की आईचा पहिला संशय अजिनोमोटोवर, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटवर असतो. या समजुतीचा उगम एका गिऱ्हाइकाच्या अभिप्रायातच आहे. १९६८ सालच्या एप्रिलात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर रॉबर्ट हो मॅन क्वोक यांचे पत्र छापून आले. चिनी हॉटेलात, विशेषतः उत्तरेकडचे पदार्थ देणाऱ्या हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, छाती धडधडते, असे त्यांनी लिहिले आणि कारण विचारले. सोयाचा रस, स्वयंपाकातली दारू, मीठ आणि ग्लुटामेट असे अनेक संशयित त्यांनी पुढे केले होते. पत्र प्रश्न विचारणारे होते. त्याला नाव मात्र ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ असे पडले, आणि प्रश्नाचा निकाल झाला!

ग्लुटामेटची चव १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळी काढली. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आहे, जुन्या चीजमध्ये आहे, आईच्या दुधातही आहे. आपल्याला हा त्रास होतोच असे सांगणाऱ्या १३० जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कोणत्या पेल्यात काय आहे हे त्यांना कळू दिले नव्हते. मोठी मात्रा अन्नावाचून दिली तेव्हा काहींना काही जाणवले, पण पुन्हा पुन्हा तपासता त्यात सातत्य सापडले नाही. मेरियम-वेब्स्टर कोशाने २०२० साली त्या शब्दाची नोंद सुधारली. एवढे होऊनही माझ्या खाणावळीच्या दारावर ‘ग्लुटामेट वापरत नाही’ अशी चिठ्ठी होती. मालकाने ती काढून पाहिली होती. गिऱ्हाईक विचारत राहिले, म्हणून पुन्हा चिकटवली. पिझ्झाच्या दुकानावर अशी चिठ्ठी मी सहा आठवड्यांत एकही पाहिली नाही, आणि पिझ्झावर चीज आणि टोमॅटो यांखेरीज असते तरी काय?

‘वाढपी हसत नाही’ हा आणखी एक अभिप्राय. त्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. पुण्यात दुकानदार तोडून बोलला की आपण त्याला बाणा म्हणतो, मग फ्लशिंगच्या वाढप्याने काय घोडे मारले आहे?

न बोललेला एक अभिप्राय मला गल्ल्यावरच्या मुलीकडून कळला. २०२० साली न्यूयॉर्क शहरात करोनाचा पहिला रुग्ण १ मार्चला नक्की झाला. फ्लशिंगची टेबले त्याआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत ओस पडू लागली होती. रोग अजून शहरात दिसलाही नव्हता. गिऱ्हाइकांनी परस्पर मत बनवले होते. ‘शेवया ताणणारे काका दिवसभर पीठ मळून ठेवत आणि रात्री फेकून देत,’ असे ती म्हणाली. गुरुवारी येणारे ते शेजारी त्या दोन महिन्यांत आले होते का, हे मी विचारले. ती पैसे मोजत राहिली.

सहा आठवड्यांत खरोखर समीक्षा म्हणावी असा अभिप्राय मला एकच मिळाला, आणि तो देणाऱ्या बाईंनी तिथला घासही तोंडात घातलेला नव्हता. भावाच्या सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, कडक शाकाहारी. नातवाला शाळेतून आणताना त्या दारात थांबत आणि काचेआड डंपलिंगे करणाऱ्या बाईचे हात पाहत. एकदा मला म्हणाल्या, ‘मास्तर, ही कडेला पातळ लाटते आणि मधे जाड ठेवते, पाहिलंत? सगळ्या चुण्या वर एकत्र येतात ना, तिथं पीठ साठतं, म्हणून कड पातळ हवी. आणि सारणाचं ओझं सारं बुडाला, तिथं जाड हवी. तिचा मोदक फुटायचा नाही. पण घाईत असली की चुण्या मोजत नाही हो, दुपारच्या गर्दीत पाहा.’ दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी बशीतली डंपलिंगे मोजली. सकाळी सोळा-सतरा चुण्या असत, त्या अकरा-बारावर आल्या होत्या आणि दोन नग खालून गळत होते. काचेआडच्या बाईंना हे मुलीमार्फत कळवले, तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसल्या आणि दाराकडे बोट करून म्हणाल्या की त्या आजींना आत घेऊन या.

आता माझा स्वतःचा निकाल द्यायला हवा. शेवया उत्तम, दाताखाली प्रतिकार करतात आणि मग सोडून देतात. मटणात जिरे सढळ, तिखट आपल्या जिभेला साधारण. रस्सा दुपारी गोड लागतो, संध्याकाळी खारट होतो, कारण दिवसभर तो उकळत राहतो आणि त्यात पाणी वाढवायला कोणाला सवड नसते. काकडीची कोशिंबीर लसणाने मारली आहे. डंपलिंग खायचे असेल तर अकराच्या आत जावे.