पहिला प्याला आणि दुसरा प्याला

रत्नागिरीत संगीत नाटकावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना पदं आमच्यापेक्षा जास्त पाठ असतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज पदांना हात लावणार नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधल्या फक्त एका विचाराबद्दल बोलायचं आहे. तो विचार नाटकातून उतरून आपल्या घरात येऊन बसला आहे, आणि घरात बसून त्यानं माणसं मारली आहेत असं आमचं म्हणणं आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, नाटकाचे वाचक. औषधांबद्दल जे बोलू ते डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे.

नाटक रंगभूमीवर आलं 1919 मध्ये, गंधर्व नाटक मंडळीकडून. गडकरी त्याआधी महिनाभरच, 23 जानेवारीला गेले. त्यांनी आपलं हे नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले, आणि शंभर वर्षं आपण रडतोच आहोत.

आता नाटकाचं नावच बघा. एकच प्याला. म्हणजे पहिला घेतलात की संपलं. पहिल्या आणि शेवटच्या प्याल्याच्या मध्ये काही नाही, सरळ उतार. सुधाकर वकील, बुद्धिमान, मानी. कोर्टात अपमान होतो, तळीराम प्याला पुढे करतो, आणि तिथून मुलाच्या आणि सिंधूच्या मरणापर्यंत नाटक थांबत नाही. मधे सुधाकर दारू सोडतो. पण कशाच्या जोरावर? निश्चयाच्या. मग नोकरीसाठी जुन्या ओळखीच्या लोकांच्या दारात जातो, तिथं पुन्हा अपमान होतो, आणि निश्चय मोडतो. पुढे तो रामलालला दारूच्या अवस्था समजावून सांगतो. सुरुवातीला सोडता येते तेव्हा सोडावीशी वाटत नाही, आणि सोडावीशी वाटते तेव्हा सोडवत नाही, असा त्याचा मथितार्थ. मराठी रंगभूमीवर व्यसनाचं इतकं अचूक वर्णन आम्हाला दुसरं माहीत नाही. आजच्या मनोविकारतज्ज्ञालाही त्यात फारसं खोडता येणार नाही. निदान बरोबर आहे. उपचाराचं पान मात्र कोरं आहे.

नाटकात डॉक्टर आहे बरं का! वैद्यही आहे. दोघे तळीरामाच्या आजारपणात येतात, प्रेक्षक पोट धरून हसतात, दोघे जातात. वैद्यकाचं काम एवढंच. सुटका होते ती भगीरथाची, आणि ती रामलालच्या सहवासानं, मायेनं, सेवेची वाट सापडल्यानं. म्हणजे नाटकात दारू सुटायचे दोन रस्ते: निश्चय किंवा सत्संग. तिसरा रस्ता नाही.

गडकऱ्यांवर हा आरोप करता येत नाही. 1919 मध्ये तिसरा रस्ता नव्हताच. डायसल्फिराम हे औषध दारूवर कामी येतं हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जगापुढे मांडलं 1948 मध्ये. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट त्याच्याही कितीतरी नंतरची. आरोप आपल्यावर आहे. औषधं आली, आणि आपण अजून 1919 च्या खुर्चीत बसून पडदा पडायची वाट बघतोय.

आमच्या ओळखीतल्या एका खलाशाची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. पावसाळी मासेमारी बंद झाली, माणूस घरी आला, आणि घरच्यांच्या आग्रहानं त्यानं ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं: आजपासून शिवणार नाही. शब्द पाळला. एकदम, पूर्ण. कित्येक वर्षं रोज पिणारा माणूस. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, झोप नाही. रात्री भिंतीवर खेकडे चढताना दिसायला लागले. घरच्यांनी काय केलं असेल? कुणीतरी लागलंय म्हणून भगताला बोलावलं. दोन दिवस त्यात गेले. मग फीट आली, तेव्हा गाडी करून रुग्णालयात नेलं. तिथं क्लोरडायझेपॉक्साइड सुरू केलं, थायमिनची इंजेक्शनं दिली, आणि माणूस वाचला.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी तोडली तर मेंदू भडकतो. दारूनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली यंत्रणा ब्रेक निघाल्यासारखी धावते. फीट येते, भ्रम होतो, उपचार नसेल तर जीव जातो. म्हणजे रंगमंचावर टाळ्या घेणारा तो बाणेदार निश्चय प्रत्यक्षात काही माणसांना मारू शकतो. आणि शेजारी म्हणणार, दारूनं गेला. नाही हो, दारू सोडल्यानं गेला, औषधाशिवाय सोडल्यानं! आपल्या जिल्ह्यात, याच शहरात, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. तरी माणूस आधी भगताकडे जातो. यात भगताचा दोष किती आणि आपण पाहिलेल्या नाटकांचा किती, ते तुम्ही ठरवा.

आता औषधांकडे नाटकाच्या नजरेनं बघू. डायसल्फिराम फार नाट्यमय औषध. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. पापाला तत्काळ शिक्षा. गडकऱ्यांच्या प्रेक्षकांना हे औषध लगेच पटलं असतं. आणि बघा, आपल्याकडे तेच जास्त पटलंय. 'रोग्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. त्या पुड्यांत काय असतं देव जाणे. पण डायसल्फिरामही आमटीत कालवून देतात, हे डॉक्टर सांगतात. देणारी बहुतेक वेळा बायको. शंभर वर्षांपूर्वी ती दळण दळून संसार रेटत होती, आज चोरून गोळी कुटते. बिचारी सिंधूच ती. पण नवऱ्याला माहीत नसेल आणि तो बाहेर भरपूर प्यायला, तर ती गोळी जीवघेणी ठरू शकते. हे औषध त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

नालट्रेक्सोनचं नाटक होणार नाही. त्यात काही घडतच नाही! उलटी नाही, शिक्षा नाही. दारूतून मेंदूला जी मजा पोचते, ती वाट अडते. कित्येकांच्या बाबतीत होतं ते एवढंच: पहिला प्याला घेतला, आणि दुसरा घ्यावासा वाटला नाही. अर्धा ग्लास टेबलावर राहिला. प्रेक्षक म्हणेल, पुढे काय? पुढे काही नाही, घरी जाऊन जेवला. नाटकाचं अख्खं तत्त्वज्ञान उभं आहे ते पहिल्या प्याल्यातून दुसरा अटळ आहे या एका गृहीतकावर, आणि हे औषध काम करतं नेमकं त्या दोन प्याल्यांच्या मधल्या जागेत. सगळ्यांना ते लागू पडत नाही. यकृत तपासावं लागतं, अफूजन्य औषधं चालू असलेल्याला ते देत नाहीत, आणि समुपदेशनाशिवाय नुसत्या गोळीनं फारसं भागत नाही. तरी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अकॅम्प्रोसेट आणि नालट्रेक्सोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

ब्राउन शुगरच्या बाबतीत आक्षेप आणखी कडक. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहून तो नरक मराठी वाचकांना दाखवला. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा व्यसन हा आजार आहे हे वाक्य मराठी घरांत पोचायला लागलं. आजार म्हटलं की औषध आलंच. पण ब्यूप्रेनॉर्फिनची, जिभेखाली ठेवायच्या गोळीची गोष्ट निघाली की शिकली-सवरलेली माणसंही म्हणतात, हे तर एक व्यसन काढून दुसरं लावणं! नीट बघितलं तर हेरॉइन घेणाऱ्याचा दिवस भरती-ओहोटीचा असतो. नशा, उतार, तळमळ, पैशाची धावाधाव, पुन्हा नशा. ही गोळी पाणी एका पातळीवर ठेवते. शरीर गोळीवर अवलंबून राहतं, हे खरं. पण माणूस कामाला जातो, सुई सुटते, घरातली भांडी विकली जात नाहीत. यातलं व्यसन कुठलं? हे औषध 2005 पासून त्याच जागतिक यादीत आहे, आणि आपल्याकडे एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सुईनं नशा करणाऱ्यांना सरकारच देतं.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात दारूबंदीचा 1949 चा कायदा अजून जिवंत आहे, आणि प्यायला जो परवाना लागतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी मिळतो. कागदोपत्री औषध कुठलं, तर दारू! आणि दारू सोडवणारी खरी गोळी मात्र लपवून घ्यायची.

लपवून म्हणजे किती? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं त्यात आहे. कसलाही, नुसतं औषध नव्हे. उरलेले 37 आपापला तिसरा अंक जगतायत.

त्या खलाशाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रुग्णालयातून सुटताना त्याला गोळ्या मिळाल्या. सहा महिने घेतल्या, ठीक होता. मग एका लग्नात मंडळींनी त्याला सुनावलं, गोळीवर सोडली म्हणजे काय सोडली? मर्द असशील तर अशीच सोड. त्यानं गोळी सोडली. पंधरा दिवसांत दारू परत आली. पहिल्यांदा त्याला वाचवायला डॉक्टर लागले होते, दुसऱ्यांदा आणखी एक माणूस लागला. त्याची आई. ती रोज संध्याकाळी तुळशीला दिवा लावला की पाण्याचा तांब्या आणि गोळी त्याच्यापुढे ठेवायची. उघडपणे, सगळ्यांसमोर, पाहुणे आले तरी. लपवाछपवी बंद झाली तेव्हा टोमणेही कमी झाले म्हणतात.

1 ऑगस्टला होड्या सुटायच्या आदल्या दिवशी तो भेटला. गोळ्यांची पाकिटं प्लॅस्टिकच्या डब्यात, मोबाइलच्या शेजारी ठेवलेली. आम्ही विचारलं, तांडेलाला सांगितलंस का? म्हणाला, सांगितलं ना, तोच म्हणाला डबा कोरडा ठेव. आणि एवढंच विचारलंन, हिनं जाळं ओढताना झोप तर येत नाही ना? मी डॉक्टरला विचारून आलोय, म्हटलं, पहिले काही दिवस जमिनीवरच बघून घेतलंय, नाही येत.