अंक, मान आणि कच्चा लिंबू

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात ऑनलाइन खेळ कुठून आले, असं काहींना वाटेल. पण माणसं जिथे एकमेकांची लायकी ठरवतात तिथे आमच्या विषयाला काम असतंच. आणि आज लाखो तरुण मुलंमुली रोज संध्याकाळी स्वतःची लायकी ठरवून घेतात ती या खेळांत. आपला प्रश्न असा : कौशल्याला मान देणाऱ्या या समुदायांत नवखा माणूस टिकत का नाही?

सुरुवात बुद्धिबळापासून करू, कारण या साऱ्याचं मूळ तिथे आहे. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची गुणांकनपद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० साली स्वीकारली, आणि १९७० साली जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने. तिचं मर्म साधं आहे. दोघांचे अंक सारखे असतील तर दोघांनाही समान संधी. २०० अंकांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला की अंक वरखाली सरकतो. बस्स, इतकंच. याच्याशी कोणाची लढत चुरशीची होईल, हे तो अंक सांगतो. म्हणजे बघा, हा अंक खरं तर नवख्याचा मित्र असायला हवा. तो त्याला त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देतो.

मग बिघडलं कुठे? ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ घेऊ. २००९ साली आलेला, पाच विरुद्ध पाच असा. सुरुवातीला त्यात एलोसारखाच अंक दिसत असे. २०१३ साली तो पडद्याआड गेला आणि पुढे आली एक उतरंड : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, चॅलेंजर. २०१९पासून ब्राँझच्याही खाली आयर्न आलं. अंकांच्या काळात फुशारकी नव्हती असं नाही. पण आता अंकाचा किताब झाला. ‘तुझा अंक १२४० आहे’ हे मोजमाप आहे. ‘तू ब्राँझ आहेस’ हे माणसाचं वर्णन झालं. आणि अशा समुदायांत ब्राँझ हा शब्द सर्रास शिवीसारखा वापरला जातो.

यातून नवख्याच्या दोन गोष्टी हिरावल्या जातात. पहिली, बोलण्याचा अधिकार. त्याने डावपेचाबद्दल काही म्हटलं की उत्तर येतं, ‘तुझी रँक काय?’ मुद्दा खरा की खोटा, हे कुणी तपासतच नाही. आता जाणकाराच्या शब्दाला वजन असतं, हे आपल्या परंपरेनेही मानलंय. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे. पण वात्स्यायन आप्त कुणाला म्हणतात? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, त्याला. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे, असंही ते स्पष्ट करतात. म्हणजे दर्जा हे प्रमाण नाही. जाणणं आणि प्रामाणिकपणे सांगणं, ही कसोटी. वरच्या रँकचा माणूस नुसतं हिणवत असेल, तर तो जाणकार असेलही. आप्त मात्र नाही.

दुसरी गोष्ट, चुकण्याचा अधिकार. ॲरिस्टॉटल म्हणतो त्याचा आशय असा की घरं बांधूनच माणूस गवंडी होतो. पहिली भिंत वाकडी येणारच. बुद्धिबळात चुकलात तर तुम्ही एकटे हरता. इथे तुमच्या चुकीची किंमत चार अनोळखी सोबती मोजतात, आणि त्यांचीही रँक घसरते. कौशल्य दोघांचंही एकाच वेळी वाढू शकतं. रँकमध्ये मात्र एकाची चढण ही दुसऱ्याची उतरण असते. मग शिकवायला कोण थांबेल? थांबणाऱ्याचंच नुकसान!

वर आणखी एक गंमत आहे. मुरलेला खेळाडू नवं खाते उघडतो आणि नवख्यांत येऊन बसतो. याला ‘स्मर्फ’ म्हणतात. शब्द नव्वदच्या दशकातला, ‘वॉरक्राफ्ट २’च्या काळातला. नामांकित खेळाडूंशी खेळायला कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी कार्टूनमधली टोपणनावं घेतली. आज हेतू बहुधा उलटा असतो, सोपे विजय मिळवण्याचा. ‘डोटा २’ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये अशी ९०,००० खाती बंद केल्याचं जाहीर केलं. ज्या अंकाने नवख्याला तोडीचा प्रतिस्पर्धी द्यायचा, त्याच्याच आडून त्याची शिकार होते.

आता रास्त आक्षेप घेऊ. कौशल्याला मान नकोच का? हवा. मॅकिन्टायर यांनी १९८१च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये म्हटलंय की कोणत्याही साधनेत शिरणाऱ्याला तिचे निकष मानावेच लागतात. पण त्याच पुस्तकात एका मुलाचं उदाहरण आहे. त्याला गोळ्या-चॉकलेटच्या आमिषाने बुद्धिबळ शिकवतात. जोवर त्याचं लक्ष खाऊवर, तोवर जमल्यास फसवून जिंकायलाही त्याची हरकत नसते. खेळाची स्वतःची गोडी लागली, की फसवण्यात तो स्वतःलाच फसवतो. आम्हाला वाटतं, रँक हा मोठ्यांचा खाऊ झाला आहे. निकष खेळाचे असतात, मान माणसांनी वाटलेला असतो. आपण दोन्हींची गल्लत करतो.

रँक असूनही हे टळू शकतं. जपान-चीन-कोरियात खेळला जाणारा ‘गो’ पाहा. त्यातही क्यू आणि दान अशा पायऱ्या आहेत. पण दोघांत चार पायऱ्यांचं अंतर असेल, तर दुबळा खेळाडू साधारण चार सोंगट्या आधीच मांडतो आणि डाव रंगतो. तिथे रँक दोन असमान माणसांना एका पटावर बसवते. आणि आपल्याकडे? आपल्या गल्लीत ‘कच्चा लिंबू’ होताच की! लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. त्याला कुणी मान देत नसे, पण जागा देत असे. पुढच्या वर्षी तोच पक्का भिडू व्हायचा.

आपल्याला परीक्षा करायचीच असेल, तर कोणत्याही समुदायाची अशी करावी : त्याचे शिखरावरचे खेळाडू किती उंच आहेत हे नंतर पाहू, आधी त्याच्यात कच्च्या लिंबाला जागा आहे का ते पाहू. हे खेळांना लागू आहे, आणि आमच्या तत्त्वज्ञानाच्या परिसंवादांनाही. तिथेही ‘तुमची पदवी काय?’ हा प्रश्न मुद्द्याच्या आधी येतोच.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा; रँक सांगायची गरज नाही.