स्टीमिटच्या दारातला नवखा

लिहा, मतं मिळवा, पैसे मिळवा. वर कुणी मालक नाही. 2016 मध्ये स्टीमिट आलं ते हे सांगत. नवख्याच्या हातात पहिल्यांदा पडतो लांबलचक पासवर्ड. हरवला तर तो कुणीच परत देणार नाही. बँकेत निदान खिडकी तरी असते! असो, मालक नको तर तेवढं सोसावं लागेल.

आमचा आक्षेप मतांवर आहे. इथे मोजलं जातं ते माणसाचं मत नाही, त्यानं गुंतवून ठेवलेलं स्टीम. नवख्यानं रात्र जागून लिहिलं, त्याच्यासारख्या दहाजणांनी मनापासून मत दिलं, तरी सात दिवसांनी पदरात कवड्याच. एखाद्या ‘व्हेल’नं, म्हणजे बड्या धारकानं, नुसतं बोट लावलं की डॉलर पडतात. मग नवखा चांगलं लिहायचं सोडून व्हेलच्या मागे लागला, तर त्याला दोष कसा द्यायचा? आपल्या सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच असतं.

2020 मध्ये जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. एक्स्चेंजांकडच्या नाण्यांच्या मतांनी साखळी चालवणारेच बदलले गेले, तेव्हा जुनी मंडळीही नवख्यासारखी हात चोळत बसली. मार्चमध्ये त्यांनी हाइव्ह ही वेगळी साखळी काढली. मतांचा नियम मात्र तिकडेही तोच नेला.